चौदा पावलांवरची हाक

२ डिसेंबर २०२४, सोमवार

मूड: ठीक.

हा शब्द रोज सगळ्यात आधी लिहायचा, असं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर प्राजक्ताबाईंचं फर्मान आहे. आधी आपला मूड, मग कुत्र्याने काय केलं ते. मी विचारलं, तपासायला कुत्रा आणलाय की मला? त्या म्हणाल्या, "सर, दोरीला दोन टोकं असतात." वयाने माझ्या शेवटच्या वर्षीच्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. एकतीस वर्षं आश्रमशाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापक म्हणून. मी दारात उभा राहिलो की दोनशे मुलं गप्प व्हायची, आणि आज एका कुत्र्यापायी शिकवणी लागली.

झालं ते असं. माझ्या बायकोची, पुष्पलताची खाट, ती मागचापुढचा भाग वर करता येणारी लोखंडी, एका संस्थेकडून वापरायला आणलेली आहे. पुष्पलता जाऊन तीन महिने होत आले, खाट परत द्यायला हवी. काल रविवार म्हणून शेजारच्या चंदूला हात लावायला बोलावलं. चंदू जव्हार-मोखाडा जीप चालवतो, अंगाने दणकट आहे. खाटेखाली मोती झोपला होता. मी "मोती, बाहेर" असं दोनदा ओरडलो, तिसऱ्यांदा काठी आपटली. चंदूने खाटेचा पाय उचलला आणि मोतीने त्याची पोटरी धरली.

कुटीर रुग्णालयात सुया सुरू झाल्या. निघताना चंदू म्हणाला, संक्रांतीपर्यंत बघा सर, नाहीतर मी स्वतः त्याला जीपमध्ये घालून तोरंगण घाटात सोडून येतो. त्याच्या घरात लहान मूल आहे, त्याचं चूक नाही. घाटात सोडलेला कुत्रा किती दिवस जगतो हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

कुत्रा ठेवायचा असेल तर हाकेला आला पाहिजे, एवढीच अट आहे. त्यात काय कठीण, असं मला वाटलं होतं.

३ डिसेंबर

मूड: ठीक.

डॉक्टरबाईंचा पहिला धडा: सुक्या बोंबलाचे नखाएवढे तुकडे खिशात ठेवायचे, कुत्र्याला आनंदाने हाक मारायची, आला की त्याच क्षणी तुकडा द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळत नाही. मारायचं नाही, ओरडायचं नाही, काठी दिसेल अशी ठेवायचीही नाही.

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास हाक मारली. मोती खाटेखालून आला नाही. अंगाला बोंबलाचा वास मात्र आला. वाचनालयात पेपर वाचत बसलो तर शेजारचे गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर गेले.

मोती हे नाव मी ठेवलेलं. पुष्पलताच्या आजारपणात तिचं करणाऱ्या हिराबाईने तिच्या गावाहून, पोशेऱ्याहून, पिल्लू आणलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. "कुत्र्याला नाव कसला?" म्हणाली. मला बिननावाचं काही खपत नाही. शाळेतही कित्येक माघ्यांचे मी महेश केले आणि सुकरींच्या सुनीता. हजेरीत शोभेल असं नाव असावं.

५ डिसेंबर, गुरुवार

मूड: ठीक.

डॉक्टरबाई येऊन पाहून गेल्या. मी ओटीवरून "मोती!" म्हटलं तर त्या कानावर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, तुम्ही हाक मारत नाही सर, हजेरी घेता. मग खाटेपाशी जाऊन त्यांनी हाक मारून दाखवली, लाडीगोडीची, शेवटी वर नेलेली. त्यांच्याकडेही तो आला नाही. मान वर केली आणि परत टाकली. मला थोडं बरं वाटलं, हे प्रामाणिकपणे लिहितो.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, शेपूट वाकडंच असू द्या, आपल्याला कान हवेत.

९ डिसेंबर, सोमवार

मूड: ठीक.

मोती दिवसभर खाटेखाली असतो, तेही डाव्या बाजूला. पुष्पलताचा डावा हात चालायचा, तो खाटेवरून खाली सोडलेला असायचा. उजवी बाजू गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात गेली, दसरा झाल्यावर चार दिवसांनी. वाचाही गेली. सगळी नाही, एक शब्द राहिला होता. "अहो."

पाणी हवं असलं तरी अहो, पंखा नको असला तरी अहो, ठाण्याहून नीताचा फोन आला की लेकीलाही अहो. सुरुवातीला मी दर हाकेला उठून जायचो. काय गं, विचारायचो. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा म्हणायची, अहो. पाणी दिलं तर तोंड फिरवायची, कूस बदलली तर पुन्हा तेच. नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आयुष्यभराच्या सवयीने जिभेवर बसलेला शब्द आहे, दरवेळी त्यात अर्थ असेलच असं धरून चालू नका. तेव्हापासून मी धरणं सोडलं.

तिचं काही कमी पडू दिलं नाही. हवेची गादी आणली, औषधं वेळेवर दिली, हिराबाईला दिवसभरासाठी ठेवली. आल्यागेल्याने म्हणावं असंच सगळं केलं. हे इथे लिहिण्याचं कारण नाही, पण विषय निघाला.

१० डिसेंबर

मूड: ठीक. प्रगती नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

बाईंनी वही वाचली. "रोज ठीक? ठीक हा मूड नाही सर, ठीक हा शेरा आहे." नऊ तारखेचं पान त्या बराच वेळ वाचत होत्या. मला ते आवडलं नाही. आता त्यांच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहीन आणि ही वही माझ्याकडेच राहील.

आज त्यांनी नवा नियम सांगितला. हाक एकदाच मारायची. तो आला नाही तर आपण उठून त्याच्यापर्यंत जायचं, पण दहा वेळा तीच हाक द्यायची नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, कारण मुद्दा शिस्तीचा आहे आणि मला पटला: "हाक मारली आणि कोणी आलं नाही, असं रोज झालं की हाकेचा नुसता आवाज होतो. ऐकणाऱ्याला न येण्याची सवय लागते. चूक त्याचीही नसते मग."

खरं आहे. शाळेतही घंटा पुन्हा पुन्हा दिली की मुलं घंटेला जुमानत नाहीत.

१९ डिसेंबर, गुरुवार

मूड: बरा.

मोती पाच पावलांवरून आला! "ये" म्हटलं आणि बोंबील दाखवला तर आला. बाई म्हणतात, आता अंतर मोजून वाढवा. म्हणून मी घर मोजलं. ओटीवरच्या माझ्या खुर्चीपासून मागच्या खोलीतल्या खाटेपर्यंत बरोबर चौदा पावलं भरतात. मधली खोली, स्वयंपाकघराचा उंबरा, मग मोरीवरून वळलं की झालं. चौदा पावलं म्हणजे काही लांब नाही, हाकेच्या अंतरावरच आहे.

खुर्चीतून मी हाक दिली. आला नाही. जाऊन बघितलं तर खाटेखाली डोळे उघडे ठेवून पडला होता. ऐकू येतं, समजतं, तरी उठत नाही. अशा स्वभावाची मला पहिल्यापासून चीड आहे.

संध्याकाळी नीताचा फोन आला. संक्रांतीला येते म्हणाली. बाबा, माझ्याकडे चला, कुत्र्याचं काहीतरी करू. मी म्हटलं, करूच. मग ती म्हणाली, आईची खाट अजून तिथेच आहे? मी म्हटलं, कुत्रा नेऊ देत नाही. 

२५ डिसेंबर, बुधवार

आज मोतीला मारलं.

थंडी फार पडली आहे, सकाळी सांधे धरतात. चारदा हाक दिली (एकदाच द्यायची असते), मग वाकून गळपट्ट्याला धरून ओढलं. तो गुरगुरला. हातात पेपरची गुंडाळी होती, तीच नाकावर ठेवून दिली. तो भुंकला नाही की चावला नाही. खाटेखाली जाऊन भिंतीला चिकटून बसला आणि लघवी केली. मी पुसत बसलो.

पुसताना उगाच आठवलं. पुष्पलतानेही एकदा अशीच खाटेत केली होती. हिराबाई बाजारात गेली होती आणि मी ओटीवर होतो. हाका येत होत्या. त्या नेहमीच यायच्या.

२६ डिसेंबर

बाईंना फोनवर खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. पहिल्यापासून सुरू करा म्हणाल्या, एक पाऊल, बसून, त्याच्याकडे न बघता. आणि विचारलं, काल तुम्ही कोणावर चिडला होता सर? मी म्हटलं, कुत्र्यावर, दुसरं कोण आहे घरात?

३१ डिसेंबर

मूड: उदास. (कागदावर "ठीक" लिहिलं.)

दोन पावलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

चंदू सकाळी फाटकाशी थांबला. शेवटची सुई झाली म्हणाला, पाय बरा आहे. मग खाली बघत म्हणाला, चौदा तारखेला संक्रांत, त्या दिवशी तशीही मोखाड्याकडे फेरी आहे माझी. पिंजरा नको, पोत्यात घालू. मी मान डोलावली.

घरात येऊन बोंबील खिशातून काढून ओट्यावर ठेवला. दहा दिवस राहिले. मागच्या खोलीच्या दारात बसून मोतीकडे बघत राहिलो. हा गेला की या घरात तिच्या वेळचं काही श्वास घेणारं उरणार नाही. हे वाक्य मी लिहिलं आहे खरं, पण माझ्या स्वभावाचं नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

दुपारी हिराबाई आली. पुष्पलताची निळी साडी तिला द्यायची कबूल केली होती, ती न्यायला. मुलगा आणि सून भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेत, नातवंडं तिच्यापाशी, त्यामुळे इतके दिवस पोशेऱ्यातून निघता आलं नाही म्हणाली. मी ओटीवर खुर्चीत पेपर वाचत होतो. साडी काढून दिली, ती पाणी प्यायला आत गेली.

मग आतून हाक आली. "अहो."

तशीच, हळू. "अ" वर जरा रेंगाळणारी आणि "हो" वर श्वास सोडणारी.

पेपर माझ्या हातातून पडला. तोंडातून "काय गं" निघून गेलं. मी उठलो आणि आत गेलो, ती चौदा पावलं कशी गेलो ते आठवत नाही. मागच्या दाराशी हिराबाई उभी होती. तिच्या पुढ्यात मोती बसला होता, शेपटी जमिनीवर आपटत, डोळे तिच्या डाव्या हाताकडे. पाच आठवड्यांत माझ्यासाठी एकदाही तो असा बसला नाही.

"तुम्हाला नाय सर," हिराबाई म्हणाली. "त्याला."

मला समजलं नाही. तिने साडीची पिशवी खाली ठेवली आणि मोतीचे कान चोळत सांगितलं.

"बायनी तोच नाव ठेवलाय त्याला. तोंडात दुसरा शब्दच नव्हता, मंग काय ठेवतील? पहिलं तुम्हालाच हाक मारायच्या. तुम्ही ओटीवर. तुम्ही नाय आले का हा जायचा. लहान होता, त्याला वाटला आपल्यालाच बोलवते. मंग बाय त्याला बिस्कुट द्यायच्या डाव्या हातानी. एक हाक, एक बिस्कुट. कधी चुकला नाय."

बिस्किटांचे पुडे लवकर संपतात म्हणून मी हिराबाईला एकदा बोललो होतो. नातवंडांना नेत असशील तर विचारून नेत जा, असं. तेव्हा ती काहीच बोलली नव्हती, आजही तिने ते काढलं नाही.

मी विचारलं, आणि शेवटी शेवटी? शेवटी ती कोणाला हाक मारायची?

हिराबाईने पिशवी उचलली. "जो यायचा त्याला," म्हणाली.

९ जानेवारी

सराव नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

लिहायचं आहे ते लिहूनच टाकतो. ही वही कोणी वाचणार नाही.

मला ऐकू यायचं. प्रत्येक हाक ऐकू यायची. पावसाळा सुरू झाल्यावर मी ओटीवर रेडिओ लावू लागलो, आणि हिराबाईला सांगितलं की बातम्या ऐकतो. डॉक्टरांनी शब्दात अर्थ नाही असं म्हटलं नव्हतं, दरवेळी असेलच असं धरू नका म्हटलं होतं. मी माझ्या सोयीचं तेवढं घेतलं. मला तिचं ते बघणं सहन होत नव्हतं. मी गेलो की ती बघायची आणि मला काय करायचं ते कळायचं नाही, आणि मला काही कळत नाही अशी वेळ माझ्यावर कोणी आणलेली नव्हती. म्हणून जात नव्हतो. पाणी नको, पंखा नको, कूस नको. तिला काय हवं होतं ते एका कुत्र्याच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात कळलं. कोणीतरी यायला हवं होतं, बस.

बेचाळीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिच्या तोंडी माझं नाव "अहो" होतं. सगळे शब्द गेले आणि तेवढंच राहिलं, आणि मी समजलो की तो रिकामा शब्द आहे.

मला लाज वाटते. मूडच्या रकान्यात हेच लिहावं लागेल.

१२ जानेवारी, रविवार

बाईंना फक्त एवढं सांगितलं की कुत्र्याचा शब्द सापडला. त्यांना आनंद झाला. मग शब्द कोणता ते सांगितलं. म्हणाल्या, सर, नवा शब्द शिकवता येतो. जुन्याच्या आधी नवा म्हणायचा, थोडे दिवस दोन्ही, मग जुना सोडून द्यायचा. संक्रांतीपर्यंत होणार नाही, पण मी चंदूशी बोलते. तुम्हाला रोज तो शब्द म्हणायला नको.

मी नको म्हणालो.

दिवसभर प्रयत्न केला. मागच्या खोलीच्या दारातून म्हटलं तर घसा बसल्यासारखा आवाज निघाला. मोतीने कान टवकारले, पण उठला नाही. पुन्हा म्हटलं, ते मुख्याध्यापकासारखं झालं, तो भिंतीकडे सरकला. पुरुषाने हा शब्द म्हणायचा तरी कसा, आणि कोणाला? पोस्टमनला म्हणतो आपण, "अहो, जरा थांबा." तसा म्हणून चालत नाही. ती म्हणायची तसाच म्हणावा लागतो, आणि तसा म्हणायला गेलं की म्हणणाऱ्याला ओटीवरच्या माणसाची वाट बघावी लागते. संध्याकाळी एकदा जमला. तेव्हा मोती आला, डाव्या हाताला नाक लावलं. मला पुढे काही करता आलं नाही. बोंबील द्यायलाही उशीर झाला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

नीता सकाळच्या एसटीने आली. चंदू अकराच्या सुमाराला तिळगूळ घेऊन आला, जीप फाटकाशीच होती. मागच्या सीटवर पोतं घडी करून ठेवलेलं मला दिसलं. त्याच्याबरोबर खाट उचलायला आणखी एक माणूस होता. चंदू म्हणाला, सर, एकदाच बघू. कुत्र्याला खाटेखालून बोलवा, आम्ही खाट उचलतो. आला तर माझं काही म्हणणं नाही.

नीता मधल्या खोलीत उभी होती. मी ओटीवर माझ्या खुर्चीत बसलो. हाक एकदाच मारायची होती.  लेकीसमोर, शेजाऱ्यासमोर, सदुसष्ट वर्षांच्या माणसाने बायकोच्या आवाजात हाक मारायची. लोक काय म्हणतील हे मी जन्मभर आधी बघितलं आहे. आज त्याला वेळ नव्हता.

"अहो," मी म्हटलं.

आत निघालेल्या चंदूने मागे वळून पाहिलं, मी कोणाला म्हणतोय ते. नीताने नाही पाहिलं. तिने दाराची चौकट धरली.

नखांचा टकटक आवाज आला. मोरीवरून, उंबऱ्यावरून, मधल्या खोलीतून, नीताच्या पायांना घासून मोती आला आणि माझ्या डाव्या बाजूला बसला. मी तुकडा त्याच क्षणी दिला. मागे खाट उचलल्याचा, भिंतीला लागल्याचा आवाज झाला. मोतीचं अंग ताठ झालं. मी पुन्हा तोच शब्द म्हटला, पुन्हा तुकडा दिला. खाट आमच्या समोरून फाटकाबाहेर गेली. तो बघत होता, पण उठला नाही. असा सहा-सात वेळा म्हटला असेल. शेवटी शेवटी तुकडे संपले होते आणि मी नुसताच म्हणत होतो.

चंदूने जीपमधलं पोतं काढून आमच्या फाटकावर टाकलं. "थंडी आहे, अंथरा त्याच्याखाली," म्हणाला.

नीता स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. मग येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. "फोनवर आई मला तसंच म्हणायची," म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही आत या म्हणून म्हणते. मी म्हणायचे, थांब, बाबा येतीलच."  

१५ जानेवारी, बुधवार

मूड: वाईट.

नीता दुपारच्या गाडीने गेली. मी ठाण्याला येणार नाही म्हटल्यावर तिने आग्रह केला नाही. मोती राहील, मी राहीन. त्याला बोलवायचं तर रोज तो शब्द म्हणावा लागेल, दिवसातून दहा-बारा वेळा तरी. त्याचं आयुष्य अजून बारा-तेरा वर्षं आहे. माझं काय ते माहीत नाही.

मागच्या खोलीत खाट नाही, फरशीवर तिच्या चार पायांच्या गंजाच्या खुणा आहेत. मी तिथे चटई टाकली आणि आडवा झालो, तिचं डोकं असायचं त्या बाजूला डोकं करून. छताचा पंखा, खिडकीत फणसाची फांदी, आणि दारातून मोरीचा कोपरा दिसतो. ओटी दिसत नाही. ओटीवर कोण आहे, नाही, हे इथून फक्त ऐकूनच कळतं. कोणी खुर्चीत हललं तर कळतं, पेपरचं पान उलटलं तरी कळतं. मला हे माहीत नव्हतं.

मोती बाहेर ओटीवर उन्हात झोपला होता. मी डावा हात चटईबाहेर टाकला आणि हळू हाक मारली. बाईंना आकडे लागतात म्हणून घड्याळ लावून पाहिलं. ओटीवरून इथपर्यंत यायला चार सेकंद लागतात.